दुधीचा कडू घास

फार पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठच्या पोतली नगरात वसुमित्र नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्माला आले होते. त्या जन्मी त्यांचे नाव आर्यक होते. वेशीबाहेर नदीच्या गाळाच्या जमिनीवर त्यांचे घर होते आणि घरामागे औषधी झाडांची बाग. बोलावणे राजवाड्यातून आले काय किंवा कुंभारवाड्यातून आले काय, ते सारख्याच घाईने उठून जात.

राजा वसुमित्राला मृगावती नावाची राणी होती. पुष्कळ वर्षे वाट पाहिल्यावर तिला एक मुलगी झाली होती. तिचे नाव इंदुका. एका उन्हाळ्यात या मायलेकींवर जे गुदरले, ते असे.

चैत्र सरता सरता इंदुकेला ताप आला. आर्यकांनी काढे दिले, ताप उतरला. पण अंगाची आग राहिली आणि पोरीला अन्न जाईना. दुधाचा पेलाही ती तोंडाजवळून परत सारायची. तेव्हा आर्यक राणीला म्हणाले, "देवी, आता काढे पुरे झाले. मुगाच्या पाण्यात शिजवलेला दुधी द्या, अगदी पातळ करून. दुधी थंड आहे, हलका आहे. थकलेल्या पोटाला त्याचं ओझं होत नाही, आणि अंगातली आग लघवीवाटे निघून जाते."

राजवाड्यात भाजी येई ती सुभागा नावाच्या माळिणीकडून. तिचा मळा आर्यकांच्या बागेला लागूनच होता. त्या वर्षी तिने जुन्या वेलाशेजारी, मागच्या हंगामात राखलेल्या बियांचा एक नवा वेल चढवला होता. नव्या वेलाचे पहिले फळ राजवाड्यात द्यायचे आणि ते दिल्याखेरीज घरच्यांनी त्या वेलाचे काही खायचे नाही, अशी त्या नगराची रीत होती. सुभागेने पहिला दुधी उतरवला. तो कोवळा होता, अंगावर अजून लव होती. फडक्यात गुंडाळून तिने तो स्वतः स्वयंपाकघरात नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी स्वतः मुलीला भरवायला बसली. पहिला घास तोंडात जाताच इंदुकेने तोंड वाकडे केले.

"आई, कडू आहे."

"तापानं तोंड कडू झालंय तुझं," राणी म्हणाली. "काल दूधही कडू म्हणाली होतीस."

आणि ते खरेच होते. आदल्या दिवशी मुलीला दूध कडू लागले होते, द्राक्षेही कडू लागली होती. राणीने तिला मांडीवर घेतले, चिऊचा घास, काऊचा घास करीत भरवले. मुलीने डोळे मिटून, आई सांगते म्हणून, एकेक घास गिळला. वाटी जवळजवळ रिकामी झाली. स्वतः एक बोट चाखून बघावे, असे राणीच्या मनात आले नाही.

थोड्याच वेळात इंदुकेला उलटी झाली. मग दुसरी, मग तिसरी. पोट धरून ती कळवळू लागली. जेव्हा उलटीत रक्ताची रेघ दिसली, तेव्हा दासी राजाला बोलवायला धावली.

राजा धावत आला. त्याच्यामागून दंडनायक अरिष्ट आला. नगरातले सर्व गुन्हे त्याच्यापुढे चालत. तो कठोर होता, पण त्याने लाच घेतली किंवा कुणाचे तोंड पाहून निवाडा दिला, असे कुणी म्हणू शकत नव्हते. त्याने स्वयंपाक्याला बोलावले. स्वयंपाकी म्हणाला, "मी फक्त मीठ आणि जिरं घातलं. राजकन्येचं अन्न उष्टं होऊ नये म्हणून आम्ही चाखत नाही." अरिष्टाने वाटीच्या तळाचा रस बोटाने जिभेला लावला आणि लगेच थुंकून टाकला.

"हे विषासारखं कडू आहे," तो म्हणाला. मग तो राणीकडे वळला. "देवी, खाताना राजकन्या काही म्हणाली का? चवीबद्दल काही?"

राजा तिच्याकडे बघत होता. दारात दासी उभ्या होत्या. मांडीवर मुलगी तळमळत होती.

"नाही," राणी म्हणाली.

हा शब्द तिने ठरवून उच्चारला नाही. तो आपोआप बाहेर पडला, आणि बाहेर पडल्यावर तिला तो परत घेता येईना.

"म्हणजे खाताना कडूपणा कळू नये आणि तो मागून चढावा, अशी योजना होती," अरिष्ट म्हणाला. "हे अजाणता झालेलं नाही. कुणीतरी फळावर काही प्रयोग केला आहे." फळ सुभागेच्या हातून आले होते. राजकुळातल्या कुणाला विष घालणाऱ्याला सूर्यास्ताच्या आत सुळी द्यावे, असा त्या राज्याचा दंड होता. राजाने होकाराची मान डोलावली. मग दाराशी जाऊन त्याने आणखी एक आज्ञा दिली, की नदीकाठचा दुधीचा प्रत्येक वेल मुळासकट उपटून टाकावा.

आर्यक आले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. त्यांनी मुलीची नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि साळीच्या लाह्या पाण्यात उकळायला सांगितल्या. ते पाणी गाळून, त्यात चिमूटभर मीठ आणि खडीसाखर घालून त्यांनी पळीने तिच्या ओठांना लावले. ते उलटून पडले. त्यांनी थोडे थांबून पुन्हा लावले.

मधल्या वेळात त्यांनी उरलेला अर्धा दुधी मागवला. नखाने त्याचा कण काढून जिभेवर ठेवला. मग फळाच्या देठाजवळची किंचित आवळलेली मान त्यांनी बोटांनी चाचपली. आणि ते एकदम स्तब्ध झाले.

राणी त्यांच्याकडेच बघत होती. यांना काहीतरी कळले आहे, हे तिने ओळखले. काय कळले असेल? इतके कडू फळ कुणाही मुलाच्या जिभेला कळल्यावाचून राहायचे नाही, हे वैद्याला कळणारच. ते आता मान वर करतील आणि विचारतील, देवी, ही काहीच बोलली नाही? पण आर्यकांनी काही विचारले नाही. ते फळ बाजूला ठेवून पुन्हा मुलीजवळ बसले.

दुपार सरत चालली. काही घोट उलटत, काही पोटात राहात. मुलीचा आवाज बसला होता. अंगात ताप पुन्हा भरला आणि तळपाय निखाऱ्यासारखे झाले. आर्यक अधूनमधून खिडकीतून सूर्याकडे पाहात आणि पुन्हा पळी उचलत. मग त्यांनी पळी राणीच्या हातात दिली.

"आता तुम्ही द्या, देवी."

"मी?"

"पळीभर. मग थोडं थांबायचं. श्वास सरळ झाला की पुन्हा पळीभर. उलटून पडलं तरी घाबरायचं नाही, थांबायचं नाही. दर वेळी मनगट बघा, हात गार पडत नाहीत ना. पडले तर चोळून ऊब द्या." राणीने एकदा पाजले, दोनदा पाजले. तिसऱ्या वेळी आर्यकांनी तिचा हात किंचित तिरका केला, म्हणजे पाणी गालाच्या कडेने आत जाईल. "असं. हे तुम्हाला आलं पाहिजे. माझ्याशिवाय आलं पाहिजे."

ते असे का म्हणतात, हे राणीला कळले नाही.

इतक्यात खालच्या रस्त्यावरून ढोलाचा आवाज आला. सावकाश, एकेका ठोक्याने तो वाजत होता. अपराध्याला वधस्थानाकडे नेताना तो ढोल वाजवीत. गळ्यात तांबड्या कण्हेरीचा हार घालून त्याला रस्त्यारस्त्यातून फिरवीत आणि शेवटी दक्षिण वेशीबाहेर नेत. राणीला सुभागा आठवली. फडक्यात फळ गुंडाळून आणणारी ती बाई आत्ता तो हार घालून चालत होती.

आर्यक उठले. राजा खांबाला टेकून उभा होता आणि शेजारी अरिष्ट होता. आर्यकांनी हात जोडले.

"महाराज, ढोल थांबवा. त्या बाईनं विष घातलेलं नाही. हा कडूपणा माझ्या कुंपणावरचा आहे."

राजाला आधी समजलेच नाही. आर्यकांनी सावकाश सांगितले, "माझ्या बागेत कडू दुधीचा वेल आहे. दम्याच्या रोग्याची छाती कफानं भरते, तेव्हा त्याचा अगदी थोडा अंश देऊन मी उलटी करवतो. तो वेल सुभागेच्या मळ्याला लागून आहे. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि पाखरं दोन्हीकडच्या फुलांवर बसतात. अशा शेजारात धरलेल्या फळाचं बी पेरलं, की पुढचा वेल कडू निघू शकतो. अजाणत्याला तो बाहेरून गोडासारखाच दिसतो. तिनं मागच्या हंगामाचं बी लावलं. ते बिघडलेलं असेल हे तिला कळायला मार्गच नव्हता. रीतीप्रमाणे तिनं चाखलंही नाही. हे फळ हातात घेतल्यावर मी त्याची मान ओळखली. ती माझ्या वेलाची आहे."

"तुम्हाला हे दुपारपासून ठाऊक होतं," राजा म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू झाला होता. "आणि तुम्ही गप्प राहिलात."

"हो महाराज. तेव्हाच बोललो असतो तर आपण मला हिच्याजवळ बसू दिलं नसतं, आणि त्या घटका हिच्या जिवाच्या होत्या. आता पळी देवींच्या हातात आहे आणि त्यांना ती धरता येते. म्हणून आता बोललो. याहून उशीर करता येत नव्हता."

त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. अरिष्टाच्या खुणेने शिपायांनी ते बांधले.

राजाचे डोळे लाल झाले होते. दिवसभर त्याने ज्या एका माणसावर भरवसा ठेवला होता, तोच आता बांधलेल्या हातांनी समोर उभा होता. "बी तिचं आणि कडूपणा याचा," तो म्हणाला. "मग दोघांनाही सुळी द्या. दोघंही जाणार."

आर्यक म्हणाले, "महाराज, मला न्या. ती जाऊ नये एवढंच मागतो."

राजाने मान फिरवली. शिपायांनी आर्यकांना दाराकडे वळवले. जाता जाता त्यांनी राणीकडे पाहिले ते तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, तिच्या हातातल्या पळीकडे. ती तिरकी आहे ना, एवढेच त्यांनी पाहिले.

आणि त्या क्षणी राणीला कळले की या माणसाने तिच्यावर कसलाही ठपका ठेवला नव्हता. दुपारी फळ हातात घेऊन तो स्तब्ध झाला, तेव्हा तो तिचा दोष शोधत नव्हता. त्याला आपलाच वेल दिसला होता. न बोलता राहिला असता तर कुणालाही कळले नसते. ढोल चालत राहिला असता, बाई मेली असती आणि वैद्याचे नाव नगरात आणखी मोठे झाले असते.

"थांबा," राणी म्हणाली.

सगळे थांबले. तिने मुलीला एक घोट पाजला, आणि मगच ती बोलली. मान मात्र तिने वर केली नाही.

"दोघांना नेत असाल तर तिसरी मी आहे. इंदुका पहिल्याच घासाला म्हणाली होती, आई, कडू आहे. मी ऐकलं नाही. तापाचं तोंड म्हणून मी तिला सगळी वाटी भरवली. सकाळी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. सुभागेला माहीत नव्हतं, वैद्यराजांना माहीत नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त मला."

राजा तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग सरत सरत तिथे नुसती भीती उरली. सकाळपासून ती तिथेच होती; रागाखाली ती त्याची त्यालाही दिसली नव्हती.

बोलला तो अरिष्ट. "महाराज, मी माझा निवाडा देवींच्या एका उत्तरावर उभा केला होता. चव कळलीच नाही म्हणजे कुणीतरी योजून केलं, असं मी मानलं. ते उत्तर खोटं होतं, म्हणजे निवाडाही खोटा. दंड हेतूला असतो. इथं हेतू कुणाचाच नाही." राजाने होय म्हणायची त्याने वाट पाहिली नाही. त्याने स्वतःच आर्यकांची दोरी कापली आणि जिना उतरून घोड्यावर बसला.

खिडकीतून राणीला रस्ता दिसत नव्हता. ढोल दूर गेला होता, इतका दूर की ठोका कानाला ऐकू येतो आहे की मनाला, हे कळत नव्हते. सूर्य नदीपलीकडच्या झाडांना टेकला. ती पळी भरीत होती, थांबत होती, पुन्हा भरीत होती. आर्यक मुलीचे मनगट धरून शेजारी बसले होते. ढोल एकदा वाजला. नंतर तो वाजला नाही. तो थांबवला म्हणून थांबला की काम संपले म्हणून थांबला, हे सांगायला तिथे कुणी नव्हते. राणीने आर्यकांकडे पाहिले. त्यांनाही ठाऊक नव्हते. "पुढची पळी, देवी," ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने जिन्यावर पावले वाजली. अरिष्ट आत आला आणि त्याच्यामागून सुभागा. तिच्या गळ्यात हार तसाच होता. तिच्या हातांत एक लांबट, फिकट हिरवा दुधी होता. अरिष्ट म्हणाला, "वधस्थानाच्या अलीकडेच गाठलं. राजकन्येचे तळपाय जळताहेत, हे मी हिला सांगितलं. त्यावर ही म्हणाली, आधी मळ्यात चला."

आर्यकांनी मान डोलावली. "तळपायांना लावायला मी हेच मागणार होतो. पण मागायचं कुणाकडे, हे कळत नव्हतं."

सुभागा राणीसमोर आली. तिचे ओठ कोरडे पडले होते, पण आवाज स्थिर होता. "वेल उपटून टाकलेत माझे. मागच्या बाजूचा जुना वेल तेवढा राहिला होता, त्याचा हा दुधी. दरसाल आम्ही याच वेलाचं खातो. देवी, आधी चाखा."

राजा पुढे सरकला, जणू तो अडवणार होता. राणीने दासीकडून सुरी घेऊन फळाचे टोक कापले, त्याची चकती तोंडात घातली आणि चावली. ती पाणीदार होती, किंचित गोड होती. तिने दुसऱ्या टोकाचीही चकती खाल्ली. मग फळ किसून तिने तो गार कीस मुलीच्या तळपायांना चोळला, आणि आर्यकांनी कपाळावर थापला. कीस कोमट झाला की काढायचा आणि नवा लावायचा. दिवेलागणीला इंदुकेच्या पायांची आग उतरली. पाजलेले पाणी पोटात ठरू लागले. मग ती आईच्या मांडीवर झोपली, आणि ही झोप ग्लानीची नाही, असे आर्यक म्हणाले तेव्हा राजा भिंतीकडे तोंड करून रडला.

राणीने सुभागेचे हात धरले. "मला क्षमा कर."

सुभागेने हात सोडवून घेतले नाहीत, पण ती म्हणाली, "आज नाही, देवी. आज गळ्यात हार घालून मला माझ्या गिऱ्हाइकांच्या दारांवरून फिरवलं. मुलगी बरी झाली की माझ्या घरी या. तेव्हा बघू." मग तिने हार काढला, तिथेच जमिनीवर ठेवला आणि ती निघून गेली.

इंदुका बरी झाली. राणी तिला घेऊन पायी सुभागेच्या घरी गेली, ओट्यावर बसली आणि जे राजवाड्यात म्हणाली होती तेच शेजारपाजाऱ्यांच्या देखत पुन्हा म्हणाली. सुभागेने मुलीला उचलून घेतले.

राजाने वेल उपटण्याची आज्ञा मागे घेतली. पण कडू वेल तरी राज्यात नको, असे त्याच्या मनात होते. आर्यक त्याला म्हणाले, "महाराज, गोड दुधी आजाऱ्याला पथ्य आहे, बाळंतिणीला खीर आहे, त्याच्या रसात शिजवलेलं तेल तापलेल्या डोक्याला गार आहे. कडू दुधी जाणत्याच्या हातात कफावर औषध आहे आणि अजाणत्याच्या हातात विष आहे. त्याला मारू नका, दूर ठेवा." त्यांनी स्वतः कुंपणावर वाचलेला आपला कडू वेल काढून टेकडीपलीकडे नेऊन लावला आणि त्याभोवती काट्यांचे कुंपण घातले. सुभागेला त्यांनी लांबच्या गावाहून गोड वेलाचे बी आणून दिले. राजाने जुनी रीत मोडून नवी घातली: घर राजाचे असो की रंकाचे, दुधीचे टोक कापून चाखल्याशिवाय तो चुलीवर चढवायचा नाही. आणि त्या नगरात मूल कडू म्हणाले, की आया आधी स्वतः चाखून पाहू लागल्या.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवन विहारात भिक्षूंना सांगितली. मग त्यांनी त्या जन्माची या जन्माशी गाठ घालून दाखवली. "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा वसुमित्र म्हणजे आजचा आनंद. चुकलेला निवाडा आपल्या तोंडाने मोडणारा दंडनायक अरिष्ट तो विनय जाणणारा उपाली. माळीण सुभागा ती उपासिका खुज्जुत्तरा, आणि लहानगी इंदुका ती भिक्षुणी उत्पलवर्णा. राणी मृगावती म्हणजे महाप्रजापती गौतमी. आणि आर्यक वैद्य तो मीच होतो. जीव वाचवण्यासाठी जे सत्य थोडा वेळ थांबलं, पण सूर्य मावळायच्या आत बोललं गेलं, ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."